ब्रिडीबाईचा उंबरा अन् पूजाचा शुक्रवार

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, अन् अक्षर असं की किराण्याची यादी दुकानदार दोनदा विचारून घेतो. ही वही कोणी वाचेल असं वाटत नाही. वाचलीच तर चुका सुधारून घ्याव्या, अन् हसायचं असेल तर माझ्या माघारी हसावं.

लिहायला बसले कारण मला बोलता येत नाही. रायपुरात आमच्या गुढ़ियारीच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बायांचा बचत गट आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी कमलताईंच्या ओसरीवर बैठक भरते. मी आयर्लंडहून आले तेव्हापासून सगळ्या मागे लागल्या आहेत, "सांग ना वो सुमन, काय काय पायलं तिकडे?" मी मान खाली घालते अन् म्हणते, "थंडी होती." मग सगळ्या हसतात. तीन महिने परदेशात राहून आली, अन् सांगते काय तर थंडी होती.

थंडी होतीच. पण थंडीपेक्षा राग जास्त होता, अन् राग सांगायचा कसा ते मला येत नाही.

मी गेले ते नितीनकडे. नितीन माझ्या दिराचा मुलगा. दीर-जाऊ दोघंही लवकर गेले, तेव्हा तो सात वर्षांचा होता. माझे मालक रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते, आम्हाला मूलबाळ नव्हतं, म्हणून हाच आमचा मुलगा. इंजिनीअर झाला, शंकर नगरच्या पूजाशी लग्न केलं, अन् दोघं तिकडे गेले. मालक वारले तेव्हा तो फोनवरच रडला.

पूजाला जानेवारीत मुलगा झाला. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. नितीनचा फोन आला. मी त्याच्याशी मराठीत बोलते, तो मला हिंदीत उत्तर देतो, लहानपणापासून असंच आहे. म्हणाला, "काकू, आप आ जाओ. आपके बिना नहीं होगा. टिकट अभी आप भर दो, यहाँ घर लिया है, हाथ टाइट है. पहुँचते ही दे दूँगा."

माझ्याकडे थोडे होते. बाकीचे साठ हजार मी गटातून घेतले. पाच बायांनी माझ्यासाठी सह्या केल्या. खरं तर त्या महिन्यात नंबर लताचा होता. लता ब्लाउज शिवते, तिला नवी मशीन घ्यायची होती, जुनीचं पायडल सारखं अडकतं. तिने स्वतःहून नंबर सोडला. "तू जाय वो काकी. मशीन काही पळून नाही चालली." मी सगळ्यांसमोर म्हटलं, दोन महिन्यांत परत करते. तोवर बैठकीत माझा आवाज निघाला तो तेवढाच.

भिंतीपलीकडचं घर

विमानातलं काही लिहित नाही. बसले अन् उतरले.

नितीनचं घर एका लहान गावाच्या टोकाला आहे. एकसारख्या नव्या घरांची ओळ, मागे दगडांची बुटकी भिंत, अन् भिंतीपलीकडे ओलं हिरवं शेत. असं हिरवं आपल्याकडे श्रावणातही नसतं. पण तिथे उन्हाचा पत्ता नाही, अन् बाळाचे कपडे वाळत नाहीत. मी ते मागच्या दोरीवर टाकायची. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने एक लंगोट उडून भिंतीपलीकडे गेला. थोड्या वेळाने एक म्हातारी तो हातात धरून, जणू काही झेंडाच आहे असा उंच करून, घेऊन आली. ती ब्रिडीबाई. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. तिने मला हाताला धरूनच आपल्या घरी नेलं.

त्या घरात ती अन् तिचा धाकटा भाऊ मायकेल. दोघांचीही लग्नं झालेली नाहीत. सहा गाई आहेत. चुलीत दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा जाळतात, आपल्या गोवऱ्यांसारख्या, अन् वासही तसाच गोडसर. चहा दूध घातलेला, कडक. मी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर चहा प्यायले.

नितीनने माझ्या फोनमध्ये एक सोय करून दिली होती. मी बोलले की फोनमधली बाई इंग्रजीत सांगायची, अन् ब्रिडीबाई बोलली की हिंदीत. माझं मले-तुले त्या फोनवालीला समजत नव्हतं म्हणून मी हिंदीत बोलायची. माणसापुढे माझी जीभ उचलत नाही, पण फोनशी बोलायला लाज वाटली नाही. फोन कोणाकडे पाहत नाही ना.

ब्रिडीबाईच्या दारावर आतून लव्हाळ्याच्या काड्यांचा विणलेला चौफुला लावलेला होता. तिने सांगितलं, फेब्रुवारीच्या एक तारखेला त्यांच्या एका संतबाईचा दिवस असतो. आदल्या संध्याकाळी लव्हाळे कापून आणतात, ते विणून दारावर लावतात, मग वर्षभर घराला आग लागत नाही अन् रोग येत नाही. त्याच संतबाईवरून तिचं नाव ठेवलं. मी म्हटलं, आमच्या छत्तीसगढ़ात हरेलीच्या सणाला दारोदारी कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात अन् लोहार येऊन चौकटीत खिळा ठोकून जातो. ती खूश झाली. "मग आपली दारं एकाच घरातली," असं काहीतरी फोन बोलला.

धिरड्यांचा मंगळवार, खडूचा रविवार

त्यांचा चाळीस दिवसांचा उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवून टाकायचं असतं. म्हणून धिरडी करतात. तव्यावरचं धिरडं हवेत उडवून पालटायचं. घरातल्या बिनलग्नाच्या मोठ्या मुलीने पहिलं उडवायचं. नीट पडलं तर त्या वर्षी लग्न, खाली पडलं तर नाही. ब्रिडीबाईने ऐंशीच्या वयात उडवलं. ते अर्धं चुलीवर पडलं. मायकेल काहीतरी म्हणाला अन् दोघं पोट धरून हसली. फोनने सांगितलं, "इस साल भी बच गई."

मी तिथल्याच तव्यावर तांदळाच्या पिठाचा चीला करून दिला. मायकेलने त्यावर साखर घालून अन् लिंबू पिळून खाल्ला. मला कसंतरीच झालं, पण त्याने तीन खाल्ले.

घरी आले तर पूजा म्हणाली, "काकीजी, आप दूसरों के घर खाना बना रही हैं, यहाँ सिंक भरा पड़ा है."

सिंक भरलेलंच असायचं. बाळाची मालिश, आंघोळ, धुरी, पूजाचे डिंकाचे लाडू, तिघांचा स्वयंपाक, सगळं मीच. मी त्यासाठीच गेले होते, त्याचं काही नाही. बाळंतिणीचं करणं हे मी आनंदाने केलं, अन् ते पोट्टं माझ्या छातीवरच झोपायचं. पण महिना झाला तरी साठ हजारांचं नाव कोणी काढलं नाही. नितीनचा पगार महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी होतो. त्या शुक्रवारी मी भांडी घासता घासता, त्याच्याकडे न पाहता म्हटलं, "नितू, गटाचे पैसे..."

तो काही म्हणायच्या आत पूजा म्हणाली, "आज शुक्रवार है काकीजी. शुक्रवार को लक्ष्मी घर से बाहर नहीं देते."

शनिवारी नितीन म्हणाला, घराच्या कर्जात गेले. पुढच्या महिन्यात पक्के. पुढच्या महिन्यात पुन्हा शुक्रवारी पगार झाला, अन् पुन्हा लक्ष्मी आडवी आली. आमच्या घरात बुद्धवंदना होते. ही लक्ष्मी कुठून आली? अन् शुक्रवारीच पूजाच्या दारात खोक्यांच्या गाड्या यायच्या. कधी बूट, कधी पडदे, कधी बाळाचा पाळणा आपोआप हलवायचं यंत्र. फोनमधून गेलेली लक्ष्मी बाहेर गेलेली धरत नाहीत वाटतं.

हे मी तेव्हा बोलले नाही. आत्ता लिहिताना पेन कागदात रुतून राहिला आहे.

ब्रिडीबाईला मी ते सांगितलं नाही, पण माझं तोंड पाहून तिने मला खडूच्या रविवारचं सांगितलं. त्या उपासात लग्नं होत नसत. म्हणून उपासाच्या पहिल्या रविवारी, ज्यांची लग्नं व्हायची राहिली त्यांच्या पाठीवर पोरं गुपचूप खडूने रेघ ओढायची. तरणी असताना ती प्रार्थनेहून घरी आली, कोट काढला, तर पाठभर रेघा. सगळं गाव तिच्या मागे हसत आलं होतं अन् तिला माहीतच नाही. पुढच्या वर्षीपासून ती त्या रविवारी घराबाहेर पडेना. "मैं तुम्हारी तरह थी," ती म्हणाली, "मुँह नहीं खुलता था." मी म्हटलं, आमच्या पाठीवर तर जन्मताच रेघ असते, अन् कोट काढूनही ती पुसता येत नाही. फोनवालीने ते काय केलं देव जाणे. ब्रिडीबाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, खडू झाडतात तसा.

हिरवा दिवस, परातीतला सूर्य

मार्चमध्ये त्यांच्या मोठ्या संताचा दिवस येतो. सगळं गाव हिरवं घालतं. नितीन-पूजा शहरात मिरवणूक पाहायला गेले. "बेबी को ठंड लगेगी, आप रुक जाओ," पूजा म्हणाली. गाडीत तिसऱ्या माणसाला जागा होती. संध्याकाळी त्यांचे हिरव्या टोप्यांतले फोटो आले, खाली लिहिलेलं, पूरी फैमिली. मी त्या फोटोत नव्हते अन् बाळही नव्हतं. ब्रिडीबाई दुपारी आली अन् माझ्या स्वेटरला तीन पानांची हिरवी डहाळी टाचून गेली. त्या दिवसापर्यंत बटाटे लावून व्हायला पाहिजेत असा नेम आहे, म्हणून मायकेल पावसात उभा राहून लावत होता. मी मागच्या दारातून बाळाला घेऊन ते पाहिलं. माझी मिरवणूक ती.

मग त्यांचा दुःखाचा शुक्रवार आला, ज्या दिवशी त्यांच्या देवाला खिळे ठोकले. त्या दिवशी कोणी खिळा ठोकत नाही, सुई धरत नाही. मायकेलच्या गाईंच्या वाड्याचं फाटक वाऱ्याने निखळलं, तर त्याने ते दोरीने बांधून ठेवलं, हातोडीला हात लावला नाही. नंतरच्या रविवारी त्यांचा देव परत उठला, म्हणून त्या पहाटे म्हणे सूर्य आनंदाने नाचतो. ब्रिडीबाईने मला बोलावलं. अंगणात पाण्याने भरलेली परात ठेवली होती. आपण ग्रहण पाहायला हळदीचं पाणी ठेवतो तशी. ढग होते. बऱ्याच वेळाने एक पिवळा तुकडा पाण्यात हलला. वाऱ्याने हलला, पण तिने टाळ्या वाजवल्या, मग मीही वाजवल्या.

त्यानंतर चौदा एप्रिल आला. रायपुरात त्या दिवशी आमचा पारा झोपत नाही. मी पांढरं लुगडं नेसले, मेणबत्ती लावली, एकटीने वंदना घेतली. नितीन ऑफिसला जाताना म्हणाला, "काकू, आज कुछ है क्या?" ज्यांच्यामुळे हा साहेब झाला, त्यांचा दिवस याला आठवत नाही. मी म्हटलं, "काही नाही बाबू, तू जाय." अन् मग मोरीत जाऊन रडले. रडले म्हणजे रागानेच.

ब्रिडीबाईने खिडकीतली मेणबत्ती पाहिली अन् विचारलं, आज तुमच्या कोणत्या संताचा दिवस? मी म्हटलं, संत नाही. ज्यांनी आम्हाला पाणी पाजलं त्यांचा.

मे महिन्याचा पहिला दिवस

सोमवारी माझं परतीचं विमान होतं. त्याआधीच्या शुक्रवारी, मेच्या एक तारखेला, पूजाने बाळ दाखवायला आठ जणांना जेवायला बोलावलं. खीर अन् दहीवडे करायचे ठरले. दुकानच्या दुधाचं दही नीट लागत नाही, ब्रिडीबाईच्या दुधाचं लागतं. पूजाने सकाळीच मला पिटाळलं.

मी बरणी घेतली. गवत दवाने चिंब होतं, चपला भिजू नयेत म्हणून हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं अन् अनवाणी शेतातून गेले. ब्रिडीबाईच्या उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरलेली होती. खिडकीच्या कट्ट्यावरही तशीच. मला वाटलं, काल काही पूजाबिजा झाली असेल अन् ही सांडली. आम्ही देव मानत नाही, पण वाहिलेलं फूल पायाखाली येऊ देत नाही, विहारात तशीच सवय आहे. मी वाकून एकेक फूल उचलून पदरात घेतलं, उंबरा मोकळा केला, अन् मग दार वाजवलं.

मायकेलने दार उघडलं. त्याने माझे ओले पाय पाहिले, बरणी पाहिली, पदरातली फुलं पाहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी बरणी पुढे केली अन् म्हटलं, "मिल्क." तो जोरात ओरडला. मला फक्त "नो" कळलं. त्याने माझ्या पदरातली फुलं दोन्ही हातांनी ओढून घेतली, उंबऱ्यावर टाकली अन् दार लावलं. खिडकीत ब्रिडीबाई दिसली. तिने पडदा ओढून घेतला.

मी उभीच राहिले.

आमच्या गावी मी सहा-सात वर्षांची असताना आई मला मोठ्या घरी ताक मागायला पाठवायची. मी पायरीखाली उभी राहायची. ती बाई वरून ताक ओतायची, माझ्या भांड्याला तिचं भांडं लागू द्यायची नाही. द्यायचं नसलं की म्हणायची, "दिवेलागण झाली, आता ताक देत नाहीत." ते खरं आहे, दिवे लागल्यावर मीठ-विरजण कोणी देत नाही. पण एकदा भर दुपारी ती मला तेच म्हणाली. डोक्यावर ऊन होतं अन् ती म्हणते दिवेलागण झाली. मी वर सूर्याकडे पाहिलं, आतून कोणी हसलं, अन् मी रिकामं भांडं घेऊन घरी गेले. आईला सांगितलं, ताक संपलं होतं.

इतक्या लांब विमानाने येऊन मी त्याच पायरीखाली उभी होते.

घरी पूजा म्हणाली, "दूध नहीं लाईं? अब दही कैसे जमेगा?" मी दुकानच्या दुधाचा स्वयंपाक केला. खीर पातळ झाली. पाहुणे म्हणाले, आंटी के हाथ में जादू है. पाहुणे गेले तेव्हा चांगलं ऊन होतं, तिथे मे महिन्यात रात्री नऊलाही उजेड असतो. मी हात पुसले अन् त्या दिवशी पहिल्यांदा नितीनच्या समोर उभी राहिले. "नितू, सोमवारी मी चालली. पैसे दे."

त्याने पूजाकडे पाहिलं. पूजा खरकट्या ताटल्या गोळा करत म्हणाली, "काकीजी, आज शुक्रवार है ना."

त्या एका दिवसात मला दोन दारं बंद झाली.

दोन तारीख

शनिवारी सकाळी बेल वाजली. नितीनने दार उघडलं. बाहेर ब्रिडीबाई, प्रार्थनेला घालायचा कोट घालून. मागे मायकेल, दोन्ही हातांत दुधाच्या बरण्या, काखेत कागदात बांधलेला लोण्याचा गोळा. नितीन इंग्रजीत बोलायला लागला. तिने त्याला हाताने थांबवलं अन् माझ्याकडे बोट दाखवलं. मी फोन काढला.

ती सावकाश बोलली अन् फोनवाली सांगत गेली. मेच्या पहिल्या दिवशी घरातून काही बाहेर जाऊ द्यायचं नसतं. दूध नाही, विस्तव नाही, मीठ नाही, पैसा नाही. त्या पहाटे एक चेटकीण परक्या बाईच्या रूपाने दवातून अनवाणी येते अन् दूध मागते. दिलं तर वर्षभराचं लोणी तिच्याबरोबर जातं. ती आत येऊ नये म्हणून उंबऱ्यावर पिवळी फुलं घालतात. "अन् तू तर फुलं वेचून पदरात घेतलीस," ब्रिडीबाई म्हणाली. मायकेल पुटपुटला, फोनने तेही उचललं, "सत्तर साल से फूल डाल रहा हूँ, वह पहली बार सचमुच आ गई."

नितीन हसला. पूजा हसली. मला हसू आलं नाही.

मी फोन तोंडाजवळ धरला अन् म्हटलं, "हमारे छत्तीसगढ़ में उसको टोनही बोलते हैं. इस नाम से औरतों को मार डालते हैं. मेरे को ऐसा मत बोलो."

फोनने ते सांगितलं. मायकेलने बरण्या खाली ठेवल्या अन् टोपी काढली. ब्रिडीबाई म्हणाली, इथेही बायकांचे जीव गेले आहेत. मग म्हणाली, मी पडदा ओढला ते वाईट केलं. पण तो नेम एका दिवसाचा. सूर्य बुडाला की संपला. म्हणून आज दुप्पट आणलं. तुमच्याकडे असतो का असा दिवस?

मी तिच्याकडे पाहिलं, मग नितीनकडे. फोनला मी म्हटलं, "है. मेरे इस घर में तीन महीने से शुक्रवार है."

नितीनला ते फोनच्या आधीच कळलं. तो म्हणाला, "काकू, प्लीज़." पण फोनवाली कोणाचं ऐकत नाही, तिने ते मोठ्या आवाजात इंग्रजीत सांगितलं. मग मी थांबले नाही. गटाचे साठ हजार सांगितले, पाच बायांच्या सह्या सांगितल्या, लताचं अडकणारं पायडल सांगितलं. माझ्या मनात जे तीन महिने होतं ते ती फोनमधली बाई दारात उभी राहून स्वच्छ इंग्रजीत बोलत गेली, अन् मी तिच्या मागे लपले.

"काकीजी, बाहरवालों के सामने?" पूजा म्हणाली.

तेव्हा मात्र मी फोन खाली केला अन् माझ्या तोंडाने, मराठीत बोलले. "बाहेरची तर मी हाव वो पोट्टी. घरची असती तं मले मागा लागलं असतं काय?"

ब्रिडीबाई नितीनला हळू आवाजात एकच वाक्य म्हणाली. फोन माझ्या हातात चालूच होता. "रोकने का दिन कल था."

तिने लोण्याचा गोळा माझ्या हातात ठेवला. भांड्याला भांडं नाही, हाताला हात लागला.

नितीनने त्याच दुपारी तीस हजार माझ्या खात्यात टाकले. बाकीचे दोन महिन्यांत, म्हणाला. सोमवारी विमानतळावर त्याने माझी बॅग ओढली, पाया पडला, म्हणाला, "काकू, नाराज़ मत रहो." त्याला वाढवताना मी त्याला कधी मारलं नाही. तिथे मात्र माझा हात शिवशिवला. मी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला अन् आत गेले. माझ्या बॅगेत ब्रिडीबाईने दिलेला लव्हाळ्याचा चौफुला होता. तो आता गुढ़ियारीत माझ्या दारावर आहे. हरेलीला त्याच्या बाजूला कडुनिंबही लागला.

गुढ़ियारी

तीस हजार मी आल्याच्या पहिल्या बैठकीत दिले. लता म्हणाली, "ठीक हाय काकी, बाकीचे येतीन." जुनी मशीन ती रोज ओढत होती, माझ्या घरापर्यंत आवाज यायचा. ते ऐकताना मला पाऱ्यातून चालायची लाज वाटायची. मी दर शनिवारी नितीनला फोन करायची. शुक्रवारी मुद्दाम नाही करायची. पहिल्या महिन्यात दहा हजार आले. मग काही नाही. मग दहा. पूजा फोनवर येत नव्हती. शेवटचे दहा, अन् वर गटाचं व्याज, एका शुक्रवारी आले. मुद्दाम शुक्रवारी टाकले की पगाराचा दिवस होता म्हणून, मी विचारलं नाही. खाली लिहिलं होतं, "अब तो खुश?"

मी उत्तर लिहिलं नाही. बँकेत गेले, पैसे काढले, अन् तशीच बैठकीला गेले. जाईपर्यंत अंधारून आलं होतं. कमलताईंनी ओसरीवरचा दिवा लावला. मी पैसे पुढे ठेवले.

कमलताईंनी हात मागे घेतला. "अवो, शुक्रवार हाय. वरून दिवा लागला. आता तुझ्या घरातून बाहेर काहून काढून राहिली? उद्या दे, मी कुठं पळून चालली?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. माझा आवाज निघाला. "माझ्या घरातली लक्ष्मी नाही ते ताई. लताची हाय. तिच्या घरी चालली. घ्या."

कमलताईंनी पैसे घेतले, मोजले, वहीत माझ्या नावापुढे सही करायला पेन माझ्याकडे दिला. मी माझ्या वाईट अक्षरात सही केली. व्याजासकट सगळे फिटले.